एक नाव हवं होतं

पहिल्याच भेटीत ज्ञानेश आहेरनं योगिनीच्या टेबलावर चिखल सांडला आणि वर तिलाच म्हणाला, "हे जरा बाजूला घ्या की. नमुने ठेवायचेत."

"हे" म्हणजे तिचा लॅपटॉप. आणि नमुने म्हणजे कागदी पिशव्यांत भरलेले द्राक्षाच्या पानांचे देठ. दिंडोरी रोडवरच्या शेखर सरांच्या प्रयोगशाळेत हे देठ तपासून बागेला काय कमी पडतंय ते शेतकऱ्यांना सांगतात. योगिनीचा तिथला तो पहिलाच दिवस. टेबल मिळालं होतं दाराजवळचं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, नमुने घ्यायला नवीन मुलगी ठेवलेली दिसते.

"मी नमुने घेत नाही," ती तोऱ्यात म्हणाली. "मी मॉडेल लिहिते."

"मॉडेल... लिहितात?" त्यानं असा काही चेहरा केला की तिला हसूच फुटलं. उंच, उन्हानं रापलेला, आणि केसांवर पहाटेच्या बागेतलं दव अजून तसंच. "आमच्या देवळा गावात मॉडेल कॅलेंडरवर असतात."

"कोणती गाडी कुठल्या गावाला जाणार, कोण कोणाबरोबर जाणार, हे ठरवायचं मॉडेल. त्याची एक भाषा असते. 'आधी असं कर, मग तसं कर' असं तिच्यात सांगायचं नसतं. काय हवंय आणि काय चालणार नाही, एवढंच लिहायचं. उत्तर शोधायचं काम सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रामचं."

"हवंय ते सांगायचं आणि गप बसायचं?"

"तेवढंच."

"भारीच आहे राव. आमच्या आत्याला शिकवा. ती सांगते पण गप बसत नाही."

योगिनी हसत पुन्हा स्क्रीनकडे वळली. बोटं कीबोर्डवर होती, अर्धी ओळ लिहून झाली होती, आणि तिनं मान वर न करताच विचारलं, "नाव काय तुमचं?"

"ज्ञानेश. ज्ञानेश आहेर. का बरं?"

"काही नाही... एक नाव हवं होतं."

तो दारापर्यंत गेला, थांबला, वळून तिच्याकडे पाहत राहिला. कानांच्या पाळ्या लालबुंद! पण बाईसाहेबांचं लक्ष होतं कुठे? त्या टाइप करत होत्या. माणसांनाही अशी सरळ भाषा असती ना, काय हवंय ते लिहून मोकळं व्हायची, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नाही.

शेखर सरांचा एक हट्ट होता. खुर्चीत बसून मॉडेल लिहायचं नाही; लिहिणाऱ्यानंही आठवड्यातले काही दिवस गाडीत बसायचं. म्हणून गावोगावच्या बागांतून नमुने आणणाऱ्या सहा जणांच्या यादीत ज्ञानेशबरोबर योगिनीही होती. सोमवारी पहिला प्लॅन छापून भिंतीवर लागला. वैष्णवी आणि अमोल चांदवडला. ज्ञानेश आणि योगिनी सायखेड्याला.

सायखेड्याच्या बागेत धुकं होतं. गाडी ज्ञानेशच चालवायचा आणि देठही तोच काढायचा; योगिनीनं पिशवीवर गट नंबर आणि छाटणीची तारीख लिहायची. पण पहिल्याच ओळीत तो म्हणाला, "बघा, शिकून घ्या. घडासमोरचं पान धरायचं. पान टाकून द्यायचं, देठ ठेवायचा." तिनं दुसरंच पान धरलं. त्यानं तिचा हात हलकेच घडासमोरच्या पानावर नेला... आणि पटकन मागे घेतला. दोघंही मग उगीचच वेलीकडे फार लक्ष देऊन बघत बसली.

पुढच्या सोमवारी देवळा. पुन्हा ज्ञानेश आणि योगिनी. त्याच्या पुढच्या सोमवारी चांदवड. ज्ञानेश आणि योगिनी!

आता योगिनीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. अंतर तर कुणालाही कुणाबरोबर पाठवलं तरी तेवढंच. मग सारखे आपणच कसे? कोणाची सुट्टी आहे, कोणाची गाडी गॅरेजला आहे, हे दर शनिवारी ज्ञानेशच तिला सांगायचा. म्हणजे हा गडी मुद्दाम अशा सुट्ट्या सांगतो की काय, की शेवटी आम्ही दोघंच उरू? इतकं गणित येतं याला? आणि येत असेल तर... कशासाठी? या 'कशासाठी'पाशी तिचं गणित दर वेळी अडायचं, आणि ते बरं होतं की वाईट, हे तिला अजिबात कळायचं नाही.

"परत आपणच," एकदा ती गाडीत सहज म्हटल्यासारखं म्हणाली.

"तुम्ही ठरवलंत म्हणजे ठीकच असणार."

"मी कुठे ठरवते? सॉल्व्हर ठरवतो."

"हो हो," तो समोर बघत गालातल्या गालात हसला. "सॉल्व्हर."

हे 'हो हो' कसलं? चोर तो चोर आणि वर हसतोय? ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानं थर्मासमधला चहा तिच्यापुढे धरला. साखर कमी, जशी तिला लागते तशी. हे त्याला कुणी सांगितलं होतं? तिनं तर नव्हतं सांगितलं!

सायखेड्याच्या लंकाबाईंच्या बागेत दोघं दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्या बाईंनी पदर खोचत दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "लय गुणाची जोडी हाय. कंपनीनंच लावून दिली का काय?"

"मशीननं," ज्ञानेश म्हणाला.

"मशीनला बी कळतंय म्हनायचं," लंकाबाई म्हणाल्या आणि पेरू कापायला आत गेल्या. योगिनीनं पिशवीवर छाटणीच्या तारखेच्या जागी ज्ञानेशचं नाव लिहिलं आणि मग ते खोडायला पेन सापडेना, कारण पेन तिच्याच हातात होतं.

असे दिवस चालले असताना वैष्णवीनं शेखर सरांकडे कुरकुर केली. अमोल गाडीत सारखा घोरतो, किती दिवस तोच? सरांनी शुक्रवारी दुपारी योगिनीला बोलावलं. "सोमवारपासून जोड्या बदला. गेल्या आठवड्यात जे एकत्र होते ते या आठवड्यात नकोत. एका ओळीचं तर काम आहे."

एका ओळीचंच काम होतं. तिनं ती ओळ लिहिली. दोनदा पुसली, पण लिहिली. आणि बटण दाबलं.

सॉल्व्हर म्हणाला, शक्य नाही.

शक्य नाही म्हणजे? सहा माणसं, तीन गाड्या, जोड्या बदलायच्या. शाळेतलं पोरगंही करून देईल. तिनं अंधार पडायच्या आत परत यायची अट काढून पाहिली. शक्य नाही. किलोमीटरची मर्यादा काढली. शक्य नाही. एकेक करून सगळ्या अटी बाजूला केल्या, तरी हा शहाणा एकच पालुपद लावून बसलेला. शेवटी तिनं त्यालाच विचारलं, बाबा रे, कोणत्या अटी एकमेकींशी भांडतायत तेवढं तरी दाखव.

त्यानं दोन ओळी दाखवल्या. एक आत्ताच लिहिलेली. आणि दुसरी फाइलच्या अगदी तळाशी: ज्ञानेश आणि योगिनी एकाच गाडीत असलेच पाहिजेत. ओळीचं नाव, चाचणी. लिहिणारी, योगिनी. तारीख, नोकरीचा पहिला दिवस.

योगिनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॉडेल चालतंय का हे बघायला त्या दिवशी तिनं चाचणीपुरती एक जोडी पक्की केली होती. एक नाव स्वतःचं घातलं. दुसरं हवं होतं... आणि तेवढ्यात चिखलाचे बूट घालून एक जण समोर आला होता. नंतर ओळ काढायची राहून गेली, साफ विसरली ती!

म्हणजे ज्ञानेशनं काहीच केलं नव्हतं. सुट्ट्या खऱ्या होत्या. गॅरेज खरं होतं. एवढे दिवस ती ज्याच्यावर मनातल्या मनात रुसत होती, खुलत होती, तो तिचाच उद्योग होता. मग चहा? मग ते 'हो हो'? नेमका तेव्हाच फोन वाजला.

"मी बोलतोय. ज्ञानेश." श्वास लागल्यासारखा आवाज. "रविवारी आई आणि आत्या नाशिकला येतायत. तुमच्या घरी... आल्या तर चालेल का? म्हणजे नुसत्या भेटायला. म्हणजे नुसत्या नाही."

"ज्ञानेश, तुम्ही—"

"तुम्ही एवढे दिवस हिंमत केलीत. दर आठवड्याला माझं नाव तुमच्याजवळ लिहीत राहिलात. मी बावळट, नुसता चहा पाजत बसलो. आता माझी पाळी."

"उद्या सायखेड्याला बोलू," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. सांगितलं नाही तर रविवारी आत्या येणार, सगळं जुळणारही कदाचित. पण ते एका राहून गेलेल्या ओळीवर! आणि सांगितलं तर? सांगितलं तर तो गेला. ती ओळ स्क्रीनवर तशीच होती. एक बटण दाबलं की पुसली जाणार होती. तिनं लॅपटॉप मिटला.

शनिवारी काम आटपल्यावर दोघं गोदाकाठी घाटाच्या पायरीवर बसली. तिनं लॅपटॉप उघडून त्याला ओळ दाखवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नाव कसं हवं होतं, कशासाठी हवं होतं, कसं राहून गेलं. बोलताना त्याच्याकडे बघायचं धाडस काही झालं नाही.

त्यानं स्क्रीनवरची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"म्हणजे मुद्दाम नव्हतं."

"नव्हतं."

"माझ्या जागी तेव्हा अमोल आला असता तर..."

"तर अमोलचं नाव असतं."

तो हसला, पण ते हसू बघवेना. "आणि मी आत्याला सांगितलं, पोरगी स्वतः मला मागून घेते. गावभर झालं असेल एव्हाना." तो उठला, पँटला लागलेली माती झटकत राहिला. "काय करू आता... माले काय माहीत!" गोंधळला की तो घरच्या बोलीत जायचा, हे तिला एवढ्या दिवसांत पाठ झालं होतं. "आत्याला फोन करतो. नका येऊ म्हणतो."

तो चार पायऱ्या चढून वर गेला. फोन कानाला लावला. आणि योगिनीला इतके दिवस जे कळत नव्हतं, ते त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना एकदम, लख्ख कळलं. हा गेला तर तिला फार वाईट वाटणार होतं.

"थांबा!" ती ओरडली. घाटावर कपडे धुणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं. पाहू देत. "काल मी सगळ्या अटी काढून बघितल्या. अंधाराची, किलोमीटरची, सगळ्या. ही एक तेवढी काढता आली नाही. चूक सापडली होती, एक बटण दाबायचं होतं, सरांना प्लॅन द्यायचा होता. नाही दाबलं मी."

त्यानं फोन कानापासून खाली घेतला.

"पहिल्या दिवशी ती चाचणी होती," ती म्हणाली. "काल ती चाचणी राहिली नव्हती. मला गोडगोड बोलता येत नाही. मला एकच भाषा नीट येते, तिच्यात काय हवंय ते सरळ सांगायचं असतं. तर ऐका. मला तुम्ही हवे आहात. मशीननं दिलेले नाही, मी मागितलेले."

तो खाली आला. एकेक पायरी. तिच्याजवळ बसला, जरा जास्तच जवळ.

"माले बी," तो म्हणाला.

फोनमधून बारीक आवाज येत होता. कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. लागला होता तर फोन! ज्ञानेशनं तो घाईघाईनं कानाला लावला. "आत्या, ऐकलंस ना सगळं? हां... हां. मग येताना आईला तिचं हिरवं लुगडं नेसायला सांग."

योगिनीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. "आता ही काढते."

"काढा. काढाच."

तिनं ओळ पुसली आणि बटण दाबलं. या खेपेला सॉल्व्हरनं मुकाट्यानं उत्तर दिलं. सोमवारी ज्ञानेश देवळ्याला, वैष्णवी सायखेड्याला, दोघंही नव्या जोडीदारांबरोबर. योगिनी आणि अमोल चांदवडला.

"अमोल घोरतो," ज्ञानेश म्हणाला.

"घोरू दे."

"मग आपण भेटायचं कधी?"

"ते सॉल्व्हरला नाही विचारायचं. ते तू सांग."

'तू' ऐकून त्याच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या, आणि या वेळी तिनं त्या नीट पाहिल्या. त्यानं हळूच तिचा हात धरला, आणि या खेपेला मागे घेतला नाही.

"त्या दिवशी तुला एक नाव हवं होतं," तो म्हणाला. "अजून हवंय?"

"हवंय," योगिनी म्हणाली. "पण चाचणीपुरतं नको."