तिघांची पट्टी

"साहेब, माझ्या गाडीला कुणाची तरी दृष्ट लागली," पाहुणे दारातूनच म्हणाले.

समोर बसलेल्या वहिनींनी त्यांना दुरुस्त केलं नाही. भावजींना मात्र हसू आवरेना. वहिनी खाजगी तपास करत, त्यांचे दीर असलेले भावजी टिपणं ठेवत. पण वहिनींना साहेब म्हणणारा हा पहिलाच.

पाहुणे नकाशे काढणारे आरेखक होते. वीस वर्षं ते आपल्या गाडीतून एका ग्रंथपालांना आणि एका नर्सबाईंना कामावर सोडत. एकेकट्याने गाडी काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून शहराने पुलावर एक पट्टी राखून ठेवली होती. गाडीत तिघं असतील तरच ती मिळे. लोक तिला तिघांची पट्टीच म्हणत.

"निनावी तक्रार गेली. चौकशी होईपर्यंत गाडी चालवायचा परवाना काढून घेतलाय. तो मिळेल परत. पण हे लिहिलं कोणी? कळल्याशिवाय मी कुणाला शेजारी बसवणार नाही." त्यांनी कागद भावजींकडे सरकवला. "तुम्हीच वाचा, अक्षर बारीक आहे."

टाइप केलेलं अक्षर चांगलं ठसठशीत होतं. भावजींनी चष्म्याशिवाय वाचलं, "'जुन्या गिरणीकडून येणारी ही गाडी तिघांच्या पट्टीतून जाते. आत माणूस एकटाच असतो.'"

"गिरणीकडून का जाता?" वहिनींनी विचारलं.

आवाज ऐकून पाहुणे क्षणभर गोंधळले. "महिना झाला, बाई. लांब पडतं, पण बँकेजवळचं वळण टळतं. समोरून फार उजेड येतो."

वहिनी आणि भावजी चौकशीला निघाले. आरेखकांच्या घराशेजारचा माणूस एकटाच गाडी हाकणारा आणि तोंडाने फटकळ. "महिनाभर बँकेच्या वळणावर दिसले नाहीत. मोडली वाटतं यांची सोबत," तो म्हणाला.

"हाच तो," भावजी बाहेर येऊन म्हणाले. वहिनी नर्सबाईंच्या घराकडे वळल्या.

नर्सबाई म्हणाल्या, "मी मागे बसते आणि लगेच डुलकी घेते. बँकेच्या वळणावर हिसका बसला की जाग यायची, हल्ली तोही बसत नाही. हात बसला त्यांचा."

ग्रंथपाल पुढच्या सीटवरचे. "मी पाट्या वाचतो, सिग्नल सांगतो. गिरणीकडून जायला लागून झाला असेल महिना."

संध्याकाळी आरेखकांच्या बैठकीत सगळे जमले.

"पत्रात गिरणी आहे," वहिनी म्हणाल्या. "शेजाऱ्याला रस्ता बदललेला ठाऊकच नाही. नर्सबाई झोपेत असतात. उरले पाट्या वाचणारे."

"पण का?" भावजींनी विचारलं.

"भावजी, यांनी मला साहेब म्हटलं. ठसठशीत अक्षर यांना बारीक वाटलं. उजेडाला भिऊन रस्ता बदलला. यांना दिसत नाही."

नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मी नर्स, आणि मी झोपले होते."

ग्रंथपाल खाली बघत म्हणाले, "परवाना गेला तर गाडी घरी राहील, वाटलं. नकाशे काढणाऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगू? जीभ रेटेना. चुकलंच माझं."

आरेखकांना ते ठाऊक होतं, आणि आता सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं.

"आंधळा लिहिलं असतंस तर खरं तरी होतं," ते ग्रंथपालांना म्हणाले. "एकटा का लिहिलंस?"

"सोमवारपासून बसने जाऊ. तिघंही," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

आरेखकांनी खिशातून किल्ली काढून ग्रंथपालांसमोर धरली. ती त्यांच्यापासून हातभर बाजूला होती. ग्रंथपालांनी सरकून आपला तळवा तिच्याखाली नेला.