वळणावरचे आक्षेप

मोजणीच्या दुर्बिणीतून तिला वळणापलीकडची खुंटी दिसायला हवी होती. दिसला एक उंच माणूस – काखेत कोंबडी, हातात उपटलेली खुंटी.

"अहो! ती जागेवर ठेवा आधी!" ती ओरडली.

"कोंबडी की खुंटी?"

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. रस्त्यांची आखणी करणारी अभियंता म्हणून तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. वळण कापून रस्ता सरळ करायचा... कागदावर कसा रेखीव दिसत होता तो! आणि मध्ये हा. वस्तीतला जनावरांचा डॉक्टर निघाला.

"या खुंटीला अडखळून हिचा पाय मुरगळला," तो म्हणाला. "शिवाय माझा एक आक्षेप आहे."

"लेखी द्या."

"मला तोंडी जास्त चांगला जमतो."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे तिच्या लक्षात आलं आणि ती स्वतःवरच वैतागली.

मग ती आली की तो आक्षेप घेऊन हजर. रस्ता सरळ झाला की गाड्या सुसाट सुटतील. अर्धी वस्ती अलीकडे, शाळा पलीकडे, मुलांनी जायचं कसं?

"आणि वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, त्याचं काय?" ती तावातावाने म्हणायची. "मागे ट्रक उलटला तो तुमच्याच दारात ना?"

"हो, तेही खरंच."

भांडता भांडता कबूल करणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय? घरी जेवताना तिने त्याच्या इतक्या कागाळ्या केल्या, की आई म्हणाली, "बरं, दिसायला कसा आहे?"

"आई!"

एका दुपारी डॉक्टरच्या आत्याने तिचा दंड धरला. "मला पलीकडे ने गं. गुडघे ऐकत नाहीत माझे."

दोघी रस्त्याच्या मध्यावर पोचल्या आणि वळणावरून एक जीप भरधाव आली. कर्कश हॉर्न... आत्या जागच्या जागी थिजल्या. जीप त्यांच्या पदराला वारा लावून निघून गेली, वर चालकाने शिवीही हासडली. ती जीपच्या मागून जिवाच्या आकांताने ओरडली. मग आत्यांना धरून तिने पलीकडे नेलं.

डॉक्टर पाण्याचा पेला घेऊन धावत आला.

"बोला की आता!" ती त्याच्यावरच खेकसली. "हाच रस्ता मी आणखी वेगवान करायला निघाले होते."

तिच्या हातातून पाणी सांडायला लागलं, तसा त्याने पेल्याला खालून हात लावला. बस्स, एवढंच.

तिने आराखडा नव्याने काढला. समोरचं दिसेल इतकंच वळण सैल केलं. शाळेपाशी रस्ता अरुंद केला, चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जावा म्हणून. ओलांडायची जागा उंच आणि मधोमध सुरक्षित थांबा.

"रस्ता काढतेस की अंगण?" कचेरीत साहेब कडाडले.

"साहेब, लोक राहतात तिथे!"

बरीच वादावादी झाली. शेवटी साहेब म्हणाले, वस्ती हो म्हणाली तर करा.

शाळेत सभा भरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकच हात वर आला. कुणाचा, हे बघायचीही गरज नव्हती.

"मधल्या थांब्यावर बसायला काही नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाला. "आत्या दमते."

तिने दात-ओठ खात नकाशावर बाक काढला. आराखडा मंजूर झाला, लोक टाळ्या वाजवत पांगले. तो मात्र फाटकापाशी तोंड पाडून उभा.

"आता काय राहिलं?"

"काहीच नाही. आक्षेप संपले." तो जरा घुटमळला. "आता तुम्ही... कशाला याल इकडे?"

ती बघतच राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"इतके दिवस नुसता जीव खाल्लात माझा! हे एक वाक्य आधी बोलता येत नव्हतं?"

"आक्षेप घेणं सोपं असतं हो. हे... नाही."

"रविवारी घरी या," ती नकाशाची गुंडाळी करत, त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आई तुम्हाला बघायला टपूनच बसली आहे. पण बजावून ठेवते – तिथे एकही आक्षेप चालणार नाही."

"एकही?"

"एकही नाही!"

त्याने क्षणभर विचार केला.

"रविवार फार लांब आहे," तो म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला. मग हसू आवरेचना, तशी म्हणाली, "बरं बाबा... उद्या या!"