निळ्या कोटाची कंबर

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझी मावशी खोटं बोलत नाही. नाटकगृहाच्या कपडेखोलीत शिवणकाम करण्यात तिचा जन्म गेला. हे घडलं तिथंच, तिथल्या एका मोठ्या बॅले नर्तकाच्या शोकसभेच्या संध्याकाळी.

तो उडी घ्यायचा तेव्हा अख्खं सभागृह गप्प व्हायचं. शेवटपर्यंत तो एकच निळा कोट घालून नाचला. रंगमंचावर जाण्याआधी पोट आत ओढून मावशीसमोर उभा राहायचा. ती हुक लावायची, मग तो श्वास सोडायचा.

"बघ, विशीतली कंबर आहे."

"दृष्ट लागेल हो," मावशी म्हणायची.

खरं तर दरवर्षी ती गुपचूप शिवण उसवून कोट सैल करायची. त्याला तिनं कधी पत्ता लागू दिला नाही.

शोकसभेत तिलाही दोन शब्द बोलायला लावलं. पहिल्याच वाक्याला लोक हसले, तिला चेव चढला आणि... ती कमरेची गोष्ट सांगून बसली.

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. बाहेर पडताना उडीचं कुणी नाव काढेना, जो तो पोटाबद्दलच बोलत होता.

त्याची म्हातारी बहीण तेवढी हसली नव्हती. "त्याला हे ठाऊक नव्हतं ना?" तिनं हळूच विचारलं.

"नव्हतं."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोट काचेच्या कपाटात ठेवायचा होता. तो आणायला ती वर कपडेखोलीकडे निघाली. जिन्यातच ऐकू आलं...

शिलाई मशीन चालू होती.

दार उघडलं. खोलीत कुणी नाही. मशीनवर झाकण तसंच.

कोट त्याच्या मापाच्या पुतळ्यावर होता. पण हुक निघालेले, मध्ये चार बोटांची फट. तिनं उसवलेली प्रत्येक शिवण पुन्हा घातलेली होती... मूळच्या रेषेवर.

आणि मग कोटाच्या आतून...

श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

फट मिटत गेली. मावशीचे हात सवयीनं पुढे झाले. हुक लागले.

"चुकले हो मी," ती रडत म्हणाली. "तुमची कंबर होती तशीच आहे."

ती खूप वेळ थांबली. खोलीत काहीच हललं नाही.

कोट आता खाली काचेत आहे. मावशी रोज कामावर आली की आधी त्या काचेला कान लावून उभी राहते. लोकांना वाटतं, म्हातारीला वेड लागलं.

आत घेतलेला तो श्वास त्यानं अजून सोडलेला नाही.