धामणटेकची रांग

धामणटेकच्या थांब्यावर रोज सकाळी रांग असे आणि शहराकडे जाणारी नवी चालकरहित बस रोज एकही प्रवासी न घेता पुढे जाई.

वाहतूक केंद्राने कळवले, "थांब्यावर प्रवासी नसतात. सोमवारपासून फेरी बंद." तसे झाले तर सातवीतल्या मैथिलीला शाळेसाठी शहरातल्या वसतिगृहात राहावे लागणार होते.

"आबा, ते खोटं बोलतायत!" ती आजोबांना म्हणाली. आबा निवृत्त शास्त्रज्ञ होते. संवेदक (उजेड, उष्णता किंवा हालचाल टिपणारे उपकरण) हा त्यांचा विषय.

"किंवा तू," आबा म्हणाले.

"आबा!"

"किंवा कोणीच नाही. आधी पाहू."

दुसऱ्या दिवशी दोघे थांब्यावर गेले. आबांच्या बोलावण्यावरून केंद्रातल्या अभियंता हुमेरा शेखही आल्या. थांब्याचा कट्टा उन्हाने तापला होता. त्यावर ओळीने पिशव्या, दुधाची किटली, एक चपलांचा जोड आणि मैथिलीचे दप्तर होते. माणसे पलीकडे कडुनिंबाच्या सावलीत बसली होती.

"रांग कुठाय?" हुमेरांनी विचारले.

"ही काय! किटली माझी, नंबर दुसरा," सावलीत बसलेल्या यमुनाकाकू म्हणाल्या.

तेवढ्यात बस वळणावरून आली, क्षणभर मंदावली आणि निघून गेली.

"अगं थांब की मेले!" काकू धावल्या. उपयोग झाला नाही.

"बसचा संवेदक माणसाचा आकार आणि शरीराची उष्णता शोधतो," आबा म्हणाले. "तिला कट्ट्यावर माणूस दिसला नाही. कारण तिथे तो नव्हता."

"मग रांगेत उभे राहा, अशी पाटी लावू," हुमेरा म्हणाल्या.

"या उन्हात? तुम्हीच राहा की उभ्या, मॅडम," काकू म्हणाल्या.

"बसला पिशव्या ओळखायला शिकवा ना," मैथिलीने सुचवले.

"मग कोणाची विसरलेली चप्पल पाहूनही ती थांबेल," आबांनी तिचा मुद्दा खोडला.

काकू कुरकुरल्या, "जुनी बस घाट चढताना केवढी घरघरायची! ऐकून उठायचो आम्ही. ही विजेवरची मांजरीसारखी येते."

मैथिली थबकली. "मग हिला वळणावर भोंगा वाजवायला सांगा!"

हुमेरा कट्ट्यावर बसल्या आणि चटका बसून लगेच उठल्या. "भोंगा देऊ," त्या म्हणाल्या, "आणि छप्परही. कुठे हवं ते तुम्ही दाखवा."

सोमवारी फेरी बंद झाली नाही. वळणावर भोंगा वाजला. सगळे उठून आपापल्या पिशवीशी आले. बस थांबली. मैथिली संध्याकाळी घरीच परतली.

अशा कामाला सहरचना (सेवा वापरणारे आणि घडवणारे यांनी मिळून ती आखणे) म्हणतात. हुमेरांचे केंद्र आता पुढचे थांबे तसेच आखणार आहे.

बसमध्ये बिघाड नव्हता आणि रांगही खोटी नव्हती. बस आवाज न करता येई आणि माणसे शोधी. रांगेत पिशव्या असत. थांबा आखताना तिथे थांबणाऱ्यांना कोणी काही विचारले नव्हते, एवढेच कारण होते.