वखारीने धरलेला सूर

साउंडच्या मिक्सरवर बसून मी जन्मभर थापा मारल्या. एकदा देवमाशापुढे माइक धरला होता, असं उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या सेन्या बेटावर अजून सांगतो. हे मात्र जरा जवळ सरकून ऐका.

जानेवारीतली दुपार. तीनच वाजले होते, तरी बाहेर मिट्ट काळोख. बंदरावरच्या जुन्या मासळीच्या वखारीत सहा वाजता गुनवोरचं गाणं होतं. गळ्याच्या ऑपरेशननंतर पहिलंच. "आज सूर लागला नाही ना ओडवार, तर पुन्हा कधी उभी राहणार नाही," ती मला म्हणाली होती.

नेहमीसारखं मी आधी वखारीला बोलतं केलं. माइक उघडा ठेवून आवाज चढवत न्यायचा. ज्या सुराला स्पीकर किंचाळेल, त्या सुराची मिक्सरवरची सरकती पट्टी खाली ओढायची. मग कार्यक्रमात फीडबॅक होत नाही.

त्या दिवशी किंचाळी आलीच नाही. कोणीतरी कण्हलं. खालच्या सुरात, लांबून... खारवलेल्या कॉड मासळीचा वास एकाएकी दाटला. पट्टी पार तळाला नेली, तेव्हा कुठे ते थांबलं.

मग तालमीसाठी गुनवोर गायला लागली. पहिल्या ओळीच्या मध्येच तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं.

"माइक गेला का रे?"

"माइक ठेव खाली. तशीच गा."

तशीच गायली. त्याच सुरावर पुन्हा... नुसता श्वास.

तिने गळ्यावरचा व्रण हाताने झाकला. "काय केलंस तू?"

"मी कुठे काय केलं? वखारीचं तोंड बंद केलं फक्त."

"उघड."

मी पट्टी वर सरकवली. कण्हणं आलं आणि त्याच्या पोटातून गुनवोरचा सूर आला. भरदार, विशीतला. घाबरून मी पट्टी पुन्हा धरली.

"हात लावशील तर खबरदार, ओडवार!"

कोणी साउंडवाला करणार नाही ते मी केलं. फीडबॅक मोकळा सोडून अख्खा कार्यक्रम पार पाडला. लोक रडले.

सगळे गेल्यावर मुख्य बटण बंद केलं, वायरी गुंडाळल्या. गुनवोर कोट घालून दारात उभी होती. हसली. ओठ हलले.

"येते रे."

शब्द माझ्या पाठीमागून आले. रिकाम्या वखारीतून...

मी वळलो नाही. तिच्या तोंडाकडेच पाहत राहिलो. ते घट्ट मिटलेलं होतं, तेव्हा मागून पुन्हा तिचाच आवाज आला, अगदी हळू :

"जाताना दार ओढून घे हं, गुनवोर."