रिकामं ताट

"अगं आई, हॉटेलचं बोलतायत त्या. शनिवारपासून तिकडेच राहायचं म्हणे. आपलं काय चुकलं तेच कळत नाहीये…" अश्लेषा फोनवर हळू आवाजात सांगत होती, आणि शेजारच्या सीटवरचा मुलगा हसला.

श्टुटगार्टहून बॉबलिंगेनला जाणारी एस-बान, म्हणजे तिथली लोकल, होती. समोर नाओको आणि तिची आई, हायाशीकाकू, बसल्या होत्या. नाओको पूर्वी अश्लेषाच्याच ऑफिसात होती. जपानला परत गेली, तरी मैत्री टिकली. 'उन्हाळ्यात आईला घेऊन ये, माझी आईही पुण्याहून येतेय, घरीच राहा,' असं अश्लेषानेच हट्टाने बोलावलं होतं. आणि आज, पहिला आठवडाही सरला नव्हता, तर हॉटेल.

अश्लेषाने फोन ठेवला आणि त्या मुलाला जर्मनमध्ये विचारलं, "हसायला काय झालं?"

"सॉरी," तो मराठीत म्हणाला. "दोन्हीकडचं ऐकू येत होतं, म्हणून…"

"दोन्हीकडचं?"

"पुण्यात जपानी शिकलो. तिथे नोकरीही जपानी कंपनीत होती. आता इथे, गाड्यांच्या कंपनीत. कबीर." त्याने आवाज उतरवला. "तुमचं काही चुकलेलं नाही. त्या काकू म्हणतायत, जेवण फार सुंदर आहे, पण आज पुन्हा वाढलं तर मी काही वाचत नाही."

"पण ताट तर अगदी लख्ख करतात त्या!"

"गेनाऊ, अगदी तेच. त्यांच्याकडे ताटात टाकलं तर रांधणाऱ्याचा अपमान. आणि आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की—"

"—आई वाढते," अश्लेषा म्हणाली. "मग त्या संपवतात. मग आई वाढते. बाप रे!"

काल रात्री हायाशीकाकू डोळे मिटून पुरी गिळत होत्या आणि आई कौतुकाने म्हणाली होती, 'बघ, कसं आवडीने खातायत!' अश्लेषाला हसू फुटलं. हसता हसता डोळेही भरून आले. तिचं घर त्यांना नकोसं झालेलं नव्हतं. सकाळपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून घेतलं होतं.

"पण आईला सांगून उपयोग नाही. म्हणेल, लाजतायत बिचाऱ्या."

"माझी आईही हेच म्हणेल."

"मग तुम्हीच या आज जेवायला. त्यांना समजावा."

"असं अनोळखी माणसाला…?"

"दोन्हीकडचं ऐकलंत ना? आता भोगा."

तो आला. ऊर्मिलाताईंनी, म्हणजे अश्लेषाच्या आईने, बटाट्याची भाजी, पोळ्या, वरण-भात असा बेत केला होता. पहिलं वाढप संपलं. हायाशीकाकूंनी ताट स्वच्छ केलं आणि ऊर्मिलाताई भाताचं पातेलं घेऊन उठल्या. कबीर जपानीत काहीतरी पुटपुटला. मग आपल्या ताटावर ओणवा झाला, दोन्ही हात आडवे पसरले आणि 'पुरे! पुरे!' म्हणत मान जोरजोरात हलवली. काकूंनी परीक्षेला बसल्यासारखं लक्ष देऊन पाहिलं.

पातेलं त्यांच्यापाशी आलं. काकू ताटावर इतक्या वाकल्या की केस बोटांवर टेकले.

"पुरे! पुरे!"

ऊर्मिलाताईंचा डाव हवेतच थांबला. "अगं बाई! हे कुठे शिकल्या या?" आणि त्या खुदकन हसल्या. "आधी नाही का सांगायचं! मला वाटलं, उपाशी ठेवतेय की काय मी यांना."

नाओकोने टेबलाखालून अश्लेषाचा हात दाबला. हॉटेलचा विषय पुन्हा निघाला नाही.

कबीर मात्र येत राहिला. कारण विचारलं तर म्हणायचा, दुभाष्या नको का? खरं तर नको होता. काकू आणि ऊर्मिलाताई बाल्कनीत मटार सोलत आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या आणि कुणाचं काही अडायचं नाही. कबीर जेवायचा. ताट रिकामं करायचा. अश्लेषा वाढायची. तो पुन्हा रिकामं करायचा…

महिना संपला. पाहुण्यांना विमानतळावर सोडून तिघं परतली, तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ऊर्मिलाताई आतल्या खोलीत पुण्याला फोन लावून बसल्या. स्वयंपाकघरात अश्लेषाने क्वार्कचं, म्हणजे तिथल्या चक्क्याचं, श्रीखंड वाटीत काढलं.

"दुभाष्याचं काम संपलं," कबीर वाटीकडे बघत म्हणाला.

"हो ना."

उद्या संध्याकाळी हा यायचं काही कारण नाही, हे तिला त्याच क्षणी जाणवलं, आणि आवडलं नाही. त्याने वाटी संपवली. तिने जवळ येऊन वाढलं. त्याने संपवली. तिने पुन्हा वाढलं. चौथ्यांदा चमचा उचलला आणि ती थांबली.

"कबीर, हात आडवा धरायला तू काकूंना शिकवलंस. मी वाढताना स्वतः एकदाही नाही धरलास… का रे?"

त्याचे कान लाल झाले. "तू वाढायला येतेस ना… तेव्हाच काय ती माझ्या बाजूला असतेस. एरवी टेबलाच्या पलीकडे."

"म्हणून एवढं खाल्लंस?"

"सगळ्या पँटी घट्ट झाल्यात, अश्लेषा."

ती हसली नाही. चमचा खाली ठेवला, पलीकडची आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या खुर्चीला खेटून ठेवली. बसली.

"आता इथेच बसणार आहे मी. उद्याही. वाढू की नको, तुझं तू ठरव."

कबीरने वाटीवर हात आडवा धरला. इतका लांब श्वास सोडला की तिच्या कपाळावरची बट हलली.

"पुरे," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"अश्लेषा!" आतून हाक आली. "त्याला अजून वाढलंस का गं?"

"नको म्हणतोय, आई," अश्लेषा म्हणाली. "पोट भरलंय त्याचं."