मान खाली घालून बसलेला मुलगा

"अवं पोचली न मी! काहून जीव टाकून राहिली? ...हो, एकटीच आहे. हो, जेवली. ठेव आता."

पाँडिचेरीच्या समुद्रकाठी, काळ्या दगडांच्या बांधाशी उभी राहून प्रियदर्शनी अकोल्यातल्या धाकट्या बहिणीची, वर्षालीची, फोनवर समजूत घालत होती. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "वऱ्हाडातल्या का तुमी?"

तिनं वळून पाहिलं... आणि ओळखलं.

कानशिलांवर थोडी रुपेरी झाक आली होती, बाकी तोच. अनुप. अमरावतीचा, बँकेतला. आठ वर्षांपूर्वी तो तिला 'पाहायला' तिच्या घरी आला होता, आणि चाळीस मिनिटांत त्यानं चिवड्याच्या बशीखेरीज काहीही पाहिलं नव्हतं. पाहण्याचं काम त्याची सुभद्रामावशी करत होती. "जरा चालून दाखव बरं, बाई," मावशी म्हणाली होती. पायात खोट नाही ना, याची खातरजमा. बैलबाजाराचीच रीत, तिथं दातही पाहतात, एवढाच फरक. भिंतीवर समता शिकवणाऱ्या महामानवाची तसबीर होती. तिच्याखालून प्रियदर्शनी दारापर्यंत गेली, परत आली. मावशीचं समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा गेली, पुन्हा आली. त्यानंतर त्या घरून ना होकार आला, ना नकार. प्रियदर्शनी कॉलेजात इतिहास शिकवत असे; ज्यांची दखल घ्यावी असं कुणालाच वाटलं नाही अशा माणसांनीच भूतकाळ खच्चून भरलेला असतो, हे तिला पुस्तकांआधी त्या बैठकीनं शिकवलं होतं.

आणि आता तोच माणूस परक्याच्या निर्मळ कुतूहलानं तिच्याकडे पाहत होता. त्याला काहीही आठवत नव्हतं.

"हो, अकोल्याची," ती म्हणाली. "आपण?"

"'आपण'! फोनवर तर फर्मास वऱ्हाडी बोलून राहिल्या होत्या. मले पाहून एकदम पुण्याच्या कशा झाल्या?"

"अनोळखी माणसाशी मी प्रमाणभाषेत बोलते. अंतर राहतं."

"मंग ओळख करू न! मी अनुप. अमरावतीचा. बदलीवर दोन वर्षं झाले इथं. दोन वर्षांत 'काहून' आज पह्यल्यांदा ऐकलं, मॅडम... डोळ्यात पाणी आलं."

"खारा वारा आहे. येतं."

तो मोकळेपणानं हसला. एखाद्याचा राग आठ वर्षं नेटानं जोपासावा आणि तो हसताना देखणा निघावा, यासारखी गैरसोय नाही. तिच्याजवळ त्याच्यासाठी एक वाक्य तयार होतं. घासूनपुसून, धार लावून ठेवलेलं. ते त्याच क्षणी उच्चारून निघून जाता आलं असतं. पण मग पुढचे दोन दिवस? ऐन मे महिन्यात, अनोळखी भाषेच्या या गावात तिच्याशी बोलणारं दुसरं कोणीही नव्हतं. गेल्या वर्षी आई गेल्यापासून अकोल्यातही फारसं नव्हतं.

उद्या सांगू, तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी गाठून त्यानं तिला गाव दाखवलं. पिवळ्या भिंतींवरून बोगनवेल ओसंडत होती. उन्हानं सगळ्या खिडक्या मिटल्या होत्या. रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर, फ्रेंच कधीच निघून गेले हे ठाऊक नसल्यासारखी, त्यांची नावं टिकून होती.

"अकोल्यापेक्षा बरं न ऊन?"

"अकोल्याचं ऊन मारतं. हे अंगाला चिकटतं."

"माह्यासारखं?"

"तुम्ही स्वतःबद्दल बरंच प्रामाणिक बोलता."

मध्ये एक कालवा लागला. अलीकडे पूर्वी साहेबांची वस्ती, पलीकडे बाकीच्यांची. वेशीबाहेरची वस्ती ज्यांच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्यांना असले नकाशे वाचायला वाटाड्या लागत नाही.

"आपल्याकडं पण असाच नकाशा असते," अनुप हळूच म्हणाला.

"फक्त कालवा दिसत नाही," ती म्हणाली. दोघांची नजर एकदम पाण्यावर गेली... आणि मग एकमेकांवर. तिनंच आधी काढून घेतली.

कोपऱ्यावर त्यानं ताडगोळे घेतले. सोलताना पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. त्यानं रुमाल पुढे केला, बोटं बोटांना लागली, आणि दोघंही ताडगोळ्यांविषयी गरजेपेक्षा जास्त बोलू लागली.

त्या दिवशीही तिनं सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी ती दोघं बांधावर बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बस होती.

"लग्न नाही केलं तुमी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही?"

"मावशीनं एकतीस पोरी पाह्यल्या."

"मावशीनं. आणि तुम्ही?"

"मी... लाजत होतो. हसू नका! खरंच. मान वरच होत नव्हती."

ती हसत नव्हती. गर्विष्ठपणाच्या आरोपावरून ज्याच्यावर आठ वर्षं खटला चालवला, तो आरोपी निव्वळ लाजाळू निघाला होता.

"एक पोरगी मात्र ध्यानात हाये," तो समुद्राकडे पाहत म्हणाला. "तुमच्या अकोल्याचीच. मावशी म्हणे, चालून दाखव. तर ते म्हणे, 'पाय तुमच्या पोराचे पाहा, माहे धड हायेत.' अन् उठून आत गेली. मावशीनं तिथंच मोडलं. चेहरा नाही पाह्यला मी तिचा, आवाज ऐकला फक्त. आजही कानात हाये." तो थांबला. हळूहळू तिच्याकडे वळला. "तुमी अशाच बोलता... धार लावून. प्रियदर्शनी... ते तुमीच होत्या का?"

त्याच्या डोळ्यांत आशा मावत नव्हती. एक 'हो' पुरेसा होता. कोण तपासणार होतं? इतिहासात कितीतरी बनावट दस्तऐवज खऱ्यांपेक्षा सुखानं नांदतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? त्या अनामिक मुलीचा तिला हेवा वाटला. आणि ती मुलगी आपण नव्हतो, याचा त्याहून मोठा संताप.

"नाही," ती म्हणाली. "ती मी नव्हे. मी दुसरी. मी चालून दाखवलं. दोनदा."

त्यानं तिचा चेहरा निरखून पाहिला.

"मले..."

"नाही आठवत. ठाऊक आहे मला."

त्यानं माफी मागितली नाही. मागितली असती, तर त्या तयार वाक्यानं तिनं त्याला चिरून काढलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "चालताना... तुमच्या मनात काय होतं?"

हे तिला आजवर कोणीही विचारलं नव्हतं. आईनं नाही, वर्षालीनं नाही. तिनं स्वतःही नाही. तयार वाक्य शोधायला गेली, तर ते जागेवर नव्हतं.

"मले वाटलं," ती म्हणाली, आणि आवाज तिचाच असून तिला परका वाटला, "दारापासून परत येईपर्यंत तरी हा मानूस वर पाहीन. म्हणून दुसऱ्यांदा गेली मी. तुमच्या मावशीसाठी नाही गेली."

सकाळी तो बसस्थानकावर आला. रात्रभर झोप लागली नसावी. शर्टाच्या गुंड्या एक घर चुकल्या होत्या. तिला त्या नीट कराव्याशा वाटल्या. तिनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"चेन्नईपर्यंत येऊ?"

"नको."

"अकोल्याले?"

ती पायरीवर चढली, तिथंच वळली. "या. मावशीला न आणता. दार उघडायचं की नाही, ते मी तेव्हा ठरवीन."

"अन् नाही उघडलं तर?"

"तर... थोडं थांबून पाहा."

बस हलली. किनारा मागं पडला, मिठागरं लागली. कंडक्टरनं जवळ येऊन तमिळमध्ये काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला.

तिनं एक बोट वर केलं.